राइड चालू, करामत बंद : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थीम पार्कमधील राइड आणि त्यांची देखभाल या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात राइडच्या आतील देखावे, धूर, पुतळे आणि दिवे यांच्या दुरवस्थेविषयी तक्रारी आहेत. दुसऱ्यात रोलर कोस्टरमध्ये कुठे बसावे, कसे बसावे आणि काय टाळावे याविषयीच्या शंका आहेत. राइडची देखभाल करणारे आणि राइडमध्ये बसणारे या दोघांच्याही सवयींवर राइडचे आयुष्य अवलंबून असते, म्हणून दोन्ही गटांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : काही वर्षांच्या अंतराने एकाच अंधाऱ्या राइडमध्ये दोनदा बसण्याचा योग आला. पहिल्या वेळी गाडी वळणावरून आत शिरताच एक प्रचंड यांत्रिक प्राणी मान वळवून आमच्या दिशेने झेपावला होता आणि त्याच्याभोवती धूर पसरला होता. दुसऱ्या वेळी तोच प्राणी निश्चल उभा होता, धुराचा पत्ता नव्हता आणि एका बाजूचा दिवाही गेलेला होता. बाहेर आल्यावर चौकशी केली, तेव्हा ‘राइड व्यवस्थित चालू आहे’ एवढेच उत्तर मिळाले. इतका खर्च करून बसवलेली गोष्ट दुरुस्त का केली जात नाही?

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, आणि अडचणीचे मूळही त्यातच आहे. अशा राइडमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. रूळ, चाके, ब्रेक, सीटवरचे लॅप बार (प्रवाशाच्या मांड्यांवर उतरणारे अडसर) आणि गाड्यांमधील अंतर राखणारे नियंत्रण ही एक यंत्रणा. पुतळे, धूर, प्रकाश, आवाज आणि प्रक्षेपित चित्रे ही दुसरी. पहिल्या यंत्रणेत दोष आढळला, तर गाडी सोडताच येत नाही, कारण नियंत्रक संगणकच तिला अडवतो. दुसऱ्या यंत्रणेत दोष आला, तरी गाडी बिनदिक्कत फिरत राहते. म्हणजे पहिल्या यंत्रणेची देखभाल पुढे ढकलणे जवळजवळ अशक्य असते, तर दुसरीची देखभाल एक दिवस, एक महिना, एक हंगाम अशी सहज पुढे ढकलता येते. मनुष्यबळ आणि वेळ दोन्ही मर्यादित असताना कोणती कामे मागे पडतात, हे यावरून कळेल.

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमध्ये 2006 साली ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’ हा रोलर कोस्टर सुरू झाला. त्याच्या अखेरच्या टप्प्यात सुमारे साडेसात मीटर उंचीचा यती आहे. सुरुवातीला तो प्रवाशांच्या डोक्यावरून हात फिरवत झेपावत असे. ही हालचाल फार काळ टिकली नाही. ती बंद पडल्यावर यतीवर झपाझप उघडमीट करणारा प्रखर दिवा टाकण्यात आला, जेणेकरून स्थिर पुतळाही क्षणभर हलल्यासारखा भासावा. तात्पुरती वाटणारी ही व्यवस्था वर्षानुवर्षे टिकली, आणि त्या लुकलुकत्या दिव्यामुळे राइडच्या चाहत्यांनी पुतळ्याचे नाव ‘डिस्को यती’ असे ठेवले. जगातल्या सर्वांत अनुभवी आणि सधन संस्थेच्या पार्कमध्ये हे घडू शकते, तर इतरत्र काय होत असेल याची कल्पना करता येईल.

अशा पुतळ्यांची झीज किती होते, याचा हिशेब करून पाहावा. दर 36 सेकंदांनी एक गाडी जात असेल, तर तासाला शंभर वेळा आणि दहा तासांच्या दिवसात हजार वेळा तीच मान वळते आणि तोच हात उचलला जातो. वर्षभरात ही संख्या साडेतीन लाखांच्या पुढे जाते. हात जितका लांब आणि जड, तितका त्याच्या सांध्यावर, सांगाड्यावर आणि पुतळ्याखालच्या आधारावर येणारा झटका मोठा. 1963 साली डिस्नेलँडमध्ये हवेच्या दाबावर चालणारे पक्षी आले आणि 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात अब्राहम लिंकन यांचा बोलता-उठता पुतळा आला. त्यानंतर मोठ्या आणि ताकदवान हालचालींसाठी तेलाच्या दाबावर चालणारे पुतळे बराच काळ प्रचारात राहिले. अशा पुतळ्यांत तेलाची गळती सुरू झाली की ते कपड्यांवर आणि रबराच्या कातडीवर उतरते, कातडी फुगते, आणि सील बदलण्यासाठी कातडीसह निम्मा पुतळा उघडावा लागतो. अलीकडे विजेच्या मोटरींवर चालणारे पुतळे अधिक वापरले जातात. त्यांत तेलाचा त्रास नसतो, पण तारा सतत वाकून तुटतात आणि गिअर झिजतात. यापेक्षाही मोठी अडचण जागेची असते. पुतळा आधी बसवून त्याच्याभोवती इमारत किंवा कृत्रिम डोंगर उभारलेला असेल आणि बिघाड सांगाड्यात असेल, तर क्रेन आत नेण्यासाठी भिंत फोडावी लागते आणि राइड अनेक महिने बंद ठेवावी लागते. रात्री पार्क बंद झाल्यापासून पहाटेच्या चाचणीपर्यंत जे मोजके तास मिळतात, त्यांत हे काम होणे शक्य नसते.

म्हणून चांगले संकल्पक प्रत्येक इफेक्टसाठी, म्हणजे पुतळा, धूर, प्रकाश अशा प्रत्येक करामतीसाठी, आधीच दुय्यम व्यवस्था ठरवून ठेवतात. पुतळा हलला नाही तर प्रकाश कसा असावा, पडदा पडावा का, आवाजाचा कोणता भाग वगळावा, हे नियंत्रणप्रणालीत नोंदवलेले असते. ही प्रथा योग्यच आहे, कारण तिच्यामुळे एका मोटरीच्या बिघाडासाठी हजारो लोकांचा दिवस वाया जात नाही. धोका पुढे असतो. दुय्यम व्यवस्था पुरेशी चांगली असली की मूळ इफेक्ट दुरुस्त करण्याची निकड संपते, आणि नव्याने येणाऱ्या प्रेक्षकाला तर आपण काय गमावले हे कळतही नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, करामती हा राइडचा अलंकार नसून तिचा अर्थ आहे. अंधारात रुळांवरून गाडी फिरवणे एवढाच हेतू असता, तर डोंगर आणि प्राणी उभारण्याचे कारणच नव्हते. राइड उभारताना जसा बांधकामाचा खर्च मंजूर होतो, तसाच पुढील 20 वर्षे पुतळे चालू ठेवण्याचा खर्च त्याच दिवशी मंजूर व्हायला हवा. आणि ज्या पुतळ्यापर्यंत तंत्रज्ञाला पोहोचता येत नाही, तो कागदावरच नाकारायला हवा. प्रमुख इफेक्ट दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर प्रवेशद्वारापाशी तसे लिहिणे हाही प्रेक्षकाच्या हक्काचा भाग आहे.

प्रश्न : भुताच्या वाड्यातील पारदर्शक भुते कशी दिसतात? आणि त्यात यंत्र नसेल, तर बिघडते तरी काय?

उत्तर : ही युक्ती फार जुनी आहे. 1862 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती रंगमंचावर दाखवली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती, तरी ती ‘पेपर्स घोस्ट’ या नावानेच ओळखली जाते. प्रेक्षक आणि देखावा यांच्यामध्ये मोठी स्वच्छ काच उभी असते. प्रेक्षकांच्या नजरेआड, काळ्या खोलीत, प्रकाश टाकलेले पुतळे ठेवलेले असतात. त्यांचे प्रतिबिंब काचेत पडते, आणि काचेपलीकडचे खरे टेबल-खुर्च्या त्यातून आरपार दिसत असल्याने पुतळे हवेत तरंगल्यासारखे वाटतात. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 1969 साली सुरू झालेल्या ‘हाँटेड मॅन्शन’च्या नृत्यदालनात हीच योजना भव्य प्रमाणावर आहे.

यात बिघडण्यासारखे पुष्कळ आहे. काचेवर धुळीचा पातळ थर बसला, तरी काच ‘दिसू’ लागते आणि भूत पुसट होते. दोन्ही बाजूंच्या प्रकाशाचे प्रमाण ठरलेले असते. एक दिवा बदलताना थोडा अधिक प्रखर दिवा लावला गेला, तर एकतर भुते नाहीशी होतात, नाहीतर लपवलेली खोली उघडी पडते. जवळच धुराचे यंत्र असेल, तर ग्लायकॉलयुक्त द्रवाचा चिकट पापुद्रा काचेवर, दिव्यांच्या भिंगांवर आणि गाडीची जागा ओळखणाऱ्या सेन्सरवरही जमतो. तो नियमाने पुसावा लागतो. अतिनील प्रकाशात चमकणारे रंग त्याच प्रकाशाने फिके पडत जातात आणि ठरावीक काळाने भिंती पुन्हा रंगवाव्या लागतात. फिकेपणा इतका सावकाश येतो की रोज पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. म्हणून दक्ष तंत्रज्ञ उद्घाटनाच्या वेळची चित्रफीत जपून ठेवतात आणि आजचा देखावा तिच्याशी ताडून पाहतात. ही तपासणी कामाचे दिवे मालवून आणि प्रवाशाच्या सीटवर बसूनच करावी लागते, कारण उजेडात उभ्याने पाहिलेल्या देखाव्यावरून प्रवाशाला काय दिसेल हे ठरवता येत नाही.

येथे प्रवाशांना एक विनंती. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश टाकून छायाचित्र काढले, तर त्यात काच, भिंत आणि छतावरचे पाइपच येतात, भूत येत नाही. आणि त्याच क्षणी आजूबाजूच्या सर्वांसाठी तो प्रसंग मोडतो. मोबाइलचा उजळ पडदाही जवळजवळ तेवढीच हानी करतो.

प्रश्न : रोलर कोस्टरमध्ये पुढे बसावे की मागे? मित्रमंडळींत यावर कायम वाद होतो.

उत्तर : दोन्ही अनुभव खरोखरच भिन्न आहेत, आणि फरकाचे कारण गाडीच्या लांबीत आहे. गाडीचे सर्व डबे जोडलेले असल्याने एका क्षणी त्यांचा वेग सारखाच असतो, पण ते उतारावर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. चढाच्या साखळीने गाडी माथ्यावर आणली की पुढचा डबा माथा ओलांडून उतरणीवर झुकतो, तरी उरलेली गाडी अजून मागे असल्याने वेग मंदच राहतो. पुढे बसलेल्याला खालची खोली डोळे भरून दिसते. गाडीचा निम्म्याहून अधिक भार उतारावर आला की ती वेग घेते, आणि शेवटचा डबा माथ्यावर पोहोचतो तेव्हा तो खाली खेचला जातो. मागे बसलेला प्रवासी सीटवरून उचलला जातो तो यामुळे. दृश्य आणि वारा हवा असेल तर पुढे, शरीराला बसणारी ओढ हवी असेल तर मागे, आणि पहिलीच वेळ असेल तर मध्ये बसावे. चाकांच्या बरोबर वरची सीट अधिक हादरते, त्यामुळे मान किंवा पाठ संवेदनशील असणाऱ्यांनी दोन चाकांच्या मधली ओळ मागून घ्यावी. ऑपरेटरला विनंती केल्यास ती बहुधा मिळते.

पुढच्या-मागच्या फरकाचा एक अनपेक्षित पुरावाही आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड वॉर्टिंजर यांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती, त्यात खरे मूतखडे ठेवून, ‘बिग थंडर माउंटन’ या रोलर कोस्टरवरून अनेक वेळा फिरवली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पुढे बसल्यावर सुमारे 17 टक्के, तर मागे बसल्यावर सुमारे 64 टक्के वेळा खडे जागचे हलून बाहेर पडले. हा प्रयोग प्रतिकृतीवरचा आहे. मूतखड्याचा त्रास असलेल्या वाचकांनी त्याला औषधोपचार समजू नये आणि आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्न : मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरून चित्रीकरण केले तर काय बिघडते? पट्टाही मनगटाला बांधलेला असतो.

उत्तर : बरेच काही बिघडते. रोलर कोस्टरच्या वळणांत आणि खोलगट भागांत हाताचे वजन काही क्षण तीन-चार पट जाणवते आणि लगेच पुढच्या उंचवट्यावर शून्यावर येते. ही उलथापालथ पकड सोडवायला पुरेशी असते. 200 ग्रॅमचा मोबाइल ताशी 100 किलोमीटर वेगाने सुटला, तर त्याच्यातील ऊर्जा ताशी 110 किलोमीटरच्या आसपास वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी असते, आणि तो मागच्या ओळीतल्या व्यक्तीच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतो. मनगटाचा पट्टा तुटला नाही, तर मोबाइल त्या पट्ट्याच्या टोकाला फिरू लागतो आणि स्वतःच्याच दातांवर आदळू शकतो. चष्मा, टोपी, किल्ल्या, इअरफोन यांनाही हेच लागू आहे. अबू धाबीतील ‘फॉर्म्युला रोसा’वर, जेथे वेग ताशी 240 किलोमीटरपर्यंत जातो, प्रवाशांना डोळ्यांवर संरक्षक चष्मे लावावे लागतात, कारण त्या वेगाला वाळूचा कण किंवा कीटकही इजा करतो. मग मोबाइलची काय कथा!

खाली पडलेल्या वस्तूंचा भार देखभाल करणाऱ्यांवरही येतो. रुळाजवळ अडकलेली वस्तू दिसली की गाड्या थांबवाव्या लागतात, यंत्रणा कुलूपबंद करावी लागते, एका माणसाला सुरक्षा पट्टा बांधून वर पाठवावे लागते आणि नंतर रिकामी गाडी फिरवून खात्री करावी लागते. एका टोपीसाठी रांगेतील शेकडो लोक तिष्ठत राहतात.

वस्तू पडलीच, तर ती स्वतः आणायला जाऊ नये, ही सूचना मला ठळक अक्षरांत द्यावीशी वाटते. 2015 साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सीडर पॉइंट पार्कमध्ये एक प्रवासी हरवलेला मोबाइल शोधण्यासाठी कुंपणापलीकडच्या प्रतिबंधित भागात शिरला आणि धावत्या रोलर कोस्टरच्या धडकेने मरण पावला. रुळांखाली टांगून धावणाऱ्या गाड्यांमध्ये प्रवाशांचे पाय खाली लोंबकळत असतात, त्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाइतकाच धोका वर बसलेल्यालाही असतो. कुंपणाचा अर्थ ‘पलीकडे गाडी येते’ इतकाच घ्यावा.

प्रश्न : लॅप बार खाली येताना पोट फुगवून किंवा टाचा उचलून तो सैल ठेवला, तर उंचवट्यावर जास्त उचलले जाते असे सांगतात. हे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : मुळीच नाही. लॅप बार मांड्यांच्या वरच्या भागावर आणि कमरेलगत टेकलेला असेल, याच गृहीतकावर त्याची रचना केलेली असते. तो काही इंच वर राहिला, तर शरीर आधी मोकळे उचलले जाते आणि मग जोराने बारवर आपटते. मांडीला काळेनिळे पडणे हा त्यातला सौम्य परिणाम. लहान चणीच्या व्यक्तीच्या बाबतीत निसटण्याचाही धोका असतो. ऑपरेटर प्रत्येक बार ओढून पाहतो तो उपचार म्हणून नव्हे. त्याला सहकार्य करावे. मुलांची उंची जाड तळव्याच्या बुटांनी वाढवून मापात बसवणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार आहे, आणि तो बहुतेक वेळा पालकच करतात, याचे मला वाईट वाटते.

हात वर करण्याविषयी मात्र पार्कचा नियम पाहावा. रुळांभोवतीचा मोकळा अवकाश प्रवाशाचे हात पूर्ण ताणलेले धरून आखलेला असतो. त्यामुळे भुयाराचे छत डोक्याला लागेलसे वाटले तरी लागत नाही. नियम हात वर करू देत असेल, तर भीतीचे कारण नाही. मान मात्र टेकवून आणि नजर समोर ठेवून बसावे. वळणाच्या दिशेने आधीच पाहणाऱ्याचे स्नायू तयार असतात. डोळे मिटून किंवा शेजाऱ्याकडे वळून बसणाऱ्याच्या मानेला अवचित झटका बसतो.

प्रश्न : आमची गाडी चढावर मध्येच थांबली आणि सुमारे पाव तास तशीच राहिली. नंतर पायऱ्यांवरून खाली उतरवले. आम्ही मोठ्या अपघातातून वाचलो का?

उत्तर : आपला अनुभव घाबरवणारा होता, यात शंका नाही, पण बहुधा आपण एक यंत्रणा चोख काम करताना पाहिलीत. रोलर कोस्टरचा मार्ग अनेक टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहू शकते. पुढचा टप्पा रिकामा असल्याची खात्री सेन्सरकडून मिळाली नाही, तर मागची गाडी चढावर किंवा ब्रेकवर आपोआप थांबते. पुढच्या स्थानकावर एखाद्या प्रवाशाने उतरायला वेळ लावला, एवढेही कारण पुरते. चढावर थांबलेली गाडी मागे घसरत नाही, कारण तिच्या खाली लोखंडी खुट्या असतात आणि त्या रुळांलगतच्या दातेरी पट्टीत अडकत जातात. चढताना येणारा ‘कट्-कट्’ आवाज त्यांचाच. जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने 1910 साली या रचनेचे पेटंट घेतले, आणि 1919 साली रुळाच्या खालून धावणाऱ्या तिसऱ्या चाकांचेही. गाडी उंचवट्यावर रुळांवरून उचलली जात नाही, ती या चाकांमुळे.

थांबणे धोक्याचे नसते. थांबण्याचा इशारा डावलणे धोक्याचे असते. 2 जून 2015 रोजी इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स पार्कच्या ‘स्मायलर’ या रोलर कोस्टरवर एक रिकामी गाडी मार्गात अडकली होती. नियंत्रणप्रणालीने मागची, प्रवाशांनी भरलेली गाडी थांबवली होती. मात्र मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने कर्मचाऱ्यांनी तो अटकाव हाताने दूर केला. धडकेत अनेक जण जखमी झाले, त्यांपैकी पाच गंभीर, आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड केला. यंत्रात दोष नव्हता; काम करण्याची पद्धत, प्रशिक्षण आणि वेळेचा दबाव यांत दोष होता. म्हणून गाडी थांबलेली असताना ‘लवकर सोडा’ असा ओरडा करणाऱ्या प्रवाशांनी हे प्रकरण अवश्य ध्यानात ठेवावे. कर्मचाऱ्याने सावकाश, तक्ता हातात घेऊन, एकेक गोष्ट तपासत जाणे यातच आपले हित असते. आणि पाव तास काय, तासभर थांबावे लागले तरी बार स्वतःहून सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

प्रश्न : एकच रोलर कोस्टर सकाळी मंद आणि संध्याकाळी वेगवान वाटतो. हा भास आहे का? पाऊस पडला की तो बंद का करतात?

उत्तर : भास नाही. बेअरिंगमधील वंगण थंड असताना दाट असते आणि चाकांवरचे पॉलियुरेथेनचे आवरणही कडक असते. दिवसभर धावून दोन्ही तापले की गाडी अधिक सहज धावते. अतिथंड हवेत गाडी पुढचा उंचवटा न चढता मध्येच अडकू शकते, म्हणून ठरावीक तापमानाखाली काही राइड उघडतच नाहीत आणि सकाळी रिकाम्या गाड्यांच्या अनेक फेऱ्या मारल्या जातात. अतिउष्ण हवेत उलट अडचण असते: आवरण चाकापासून सुटू लागते.

ओल्या रुळांवर घर्षण कमी होऊन लाकडी रोलर कोस्टर अधिक वेगाने धावतो, आणि घर्षणावर चालणारे ब्रेक मात्र कमी पकडतात. नव्या राइडवर चुंबकीय ब्रेक असतात, त्यांना पावसाची पर्वा नसते. पण वेग कमी होत जाईल तशी त्यांची शक्तीही घटते, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवायला वेगळी व्यवस्था लागतेच. यात वीज कोसळण्याचा धोका आणि वेगाने टोचणारे थेंब यांची भर घालावी. पावसात राइड बंद ठेवणाऱ्या पार्कवर रागावू नये.

प्रश्न : राइडमध्ये काही विचित्र दिसले किंवा ऐकू आले, तर सामान्य प्रवाशाने सांगावे का? आपल्याला त्यातले कळत नाही, या संकोचाने आम्ही गप्प राहतो.

उत्तर : अवश्य सांगावे. 30 जून 2023 रोजी अमेरिकेतील कॅरोविंड्स पार्कमध्ये ‘फ्यूरी 325’ या सुमारे 99 मीटर उंच रोलर कोस्टरच्या एका पोलादी खांबाला आरपार भेग गेल्याचे एका पाहुण्याच्या लक्षात आले. गाडी वळणावरून जाताना खांबाचे दोन भाग एकमेकांपासून सरकत होते. त्याने चित्रीकरण करून पार्कला कळवले, राइड बंद झाली, खांब बदलण्यात आला आणि तपासण्यांनंतर ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

याचा अर्थ तंत्रज्ञ हलगर्जी असतात असा नाही. दररोज पहाटे ते रुळांची पाहणी करतात, प्रत्येक बार उघडून-मिटून पाहतात. बोल्ट आणि नट यांच्यावरून मारलेली रंगाची रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट फिरला आहे हे ओळखतात. वार्षिक बंदीच्या काळात गाड्यांचा सुटा भाग न् भाग वेगळा करून, चुंबकीय चूर्ण, रंगद्रव्य आणि ध्वनिलहरी यांच्या साहाय्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधल्या जातात. तरीही उंचावरचा एखादा जोड भार असतानाच उघडतो आणि रिकाम्या रुळावर मिटलेला दिसतो. तो खालून पाहणाऱ्याच्याच नजरेस पडू शकतो. 2021 साली सीडर पॉइंटच्या ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ या रोलर कोस्टरच्या गाडीवरून सुटलेला धातूचा तुकडा रांगेतील एका महिलेला लागून ती गंभीर जखमी झाली. म्हणून रांगेत, वाटेवर किंवा सीटखाली पडलेला बोल्ट, पट्टी, रबराचा तुकडा असे काहीही आढळले, तर ते खिशात न घालता थेट ऑपरेटरच्या हाती द्यावे आणि कोठे सापडले ती जागा दाखवावी.

बंद पडलेल्या इफेक्टची तक्रारही याच गांभीर्याने करावी, फक्त ती नेमकी असावी. ‘राइड पूर्वीसारखी राहिली नाही’ या वाक्याने तंत्रज्ञाला काहीच करता येत नाही. दिनांक, वेळ, गाडीतील ओळ, डावी की उजवी बाजू, कोणत्या वळणानंतर काय दिसायला किंवा ऐकू यायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे लिहावे. धूर नव्हता, की होता पण उशिरा आला? आवाज नव्हता, की तोंडाच्या हालचालीशी जुळत नव्हता? उशिरा येणारा धूर बहुधा सेन्सरकडे बोट दाखवतो, न येणारा धूर द्रवाच्या टाकीकडे किंवा तापकाकडे. म्हणजे प्रवाशाने नोंदवलेल्या एका तपशिलाने रात्रपाळीचा शोध निम्म्यावर येऊ शकतो. तक्रार लेखी द्यावी, कारण लेखी तक्रारींची मोजदाद होते, आणि एखाद्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी निधी मागताना देखभाल विभागाला हाच आकडा व्यवस्थापनापुढे ठेवता येतो.